कोडचं फॉरमॅटिंग म्हणजे वेळ घालवणं? मग सातशे ओळींच्या डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधल्या फरकात) एक ओळ शोधून दाखवा

ऐरोली_फलाट_२
काल इथे एकाने लिहिलं: "बॅकएंड गो भाषेत, स्क्रिप्ट्स पायथनमध्ये, स्क्रीन टाइपस्क्रिप्टमध्ये. ज्याला हवं तसं लिहू द्या, कोड चालल्याशी मतलब." वाचून राहवलं नाही.

शुक्रवारी रात्री साडेनऊला आमच्याकडे पीआर (कोडमध्ये बदल घ्या अशी विनंती) आला, ७०० ओळी बदललेल्या. कुणाच्या तरी विंडोज मशीनने ओळींची टोकं, म्हणजे ओळ संपल्याची न दिसणारी खूण, एलएफची सीआरएलएफ केली होती, म्हणून प्रत्येक ओळ बदललेली दिसत होती. आम्ही दोघं डोळे ताणून बघत बसलो आणि शेवटी मर्ज केलं, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळलं. खरा बदल एकच होता, तारखेच्या तुलनेत `<=` चं `<` झालं होतं. महिन्याच्या शेवटच्या दिवसाची बिलं गळली. नंतर गिट (कोडचे बदल नोंदवणारं साधन) डिफला `-w` लावलं, म्हणजे कोऱ्या जागांचे फरक वगळले, तर ती एकच ओळ समोर आली.

सगळ्या भाषांना एकच नियम लावा असं मी म्हणत नाही. गोला गोफम्ट, पायथनला ब्लॅक, टाइपस्क्रिप्टला प्रिटियर, ही कोड आपोआप एकसारखा मांडणारी साधनं. ओळींची टोकं एडिटरकॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये ठरवा आणि सीआयमध्ये, म्हणजे बदल आला की आपोआप होणाऱ्या तपासणीत, तपासा. यावर माणसांनी भांडूच नये.

वागळे_इस्टेट_जुना
ती पोस्ट माझी. ७०० ओळी न वाचता मर्ज कुणी केल्या? हा रिव्ह्यूचा दोष आहे, फॉरमॅटिंगवर ढकलू नका.

आमचा कोड अकरा वर्षांचा. एका लीडने एका दुपारी सगळ्यावर ब्लॅक फिरवला. आता कुठल्याही ओळीला ब्लेम (ओळ शेवटची कुणी बदलली ते दाखवणारी गिटची आज्ञा) लावा, त्याचंच नाव येतं. ओळ कुठल्या तिकिटासाठी लिहिली, काही कळत नाही. माझ्या दोन ब्रँच (वेगळ्या फांद्यांवर चाललेलं काम) अर्ध्यात होत्या. शनिवार-रविवार कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीवरचे दोन वेगळे बदल, सोडवण्यात गेला. गडकरी रंगायतनला लेकीचा नाच होता, तो चुकला.

ऐरोली_फलाट_२
न वाचता नाही, दीड तास वाचून केल्या! कामचुकार म्हणू नका.

महापे_गोफर
ब्लेमचं म्हणाल तर काही पुसलं गेलेलं नाही. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेमला इग्नोर-रेव्ह्ज-फाइल (वगळायच्या बदलांची यादी) देता येते. त्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, त्यात टाका, बहुतेक ओळींना मूळ नाव परत दिसेल.

वागळे_इस्टेट_जुना
हे आमच्यात कुणी सांगितलं नाही. ठीक आहे, करून बघतो. नाच काही परत येत नाही.

कोपरखैरणे_रात्रपाळी
एवढं कशाला? ओळ आत सरकवायला सगळीकडे चार स्पेस, टॅबवर बंदी. विषय संपला.

महापे_गोफर
मेकफाइलमध्ये (प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) चार स्पेस टाका, 'मिसिंग सेपरेटर' म्हणून तिथेच आपटेल. गोफम्ट स्वतः टॅब टाकतो. उलट यामल या सेटिंगच्या फाइलींमध्ये इंडेंटला (ओळ आत सरकवायला) टॅब चालतच नाही. बंदी कुणावर घालताय?

कोपरखैरणे_रात्रपाळी
मेकफाइल आज किती जण लिहितात? टॅबवाला कोड प्रत्येक स्क्रीनवर वेगळा दिसतो, त्याचा मला खरंच वैताग आहे.

कोपरी_पूर्व
तो वेगळा दिसतो म्हणूनच मला हवा आहे. माझी नजर अधू आहे, फॉन्ट २८ ठेवते. एका ओळीत जेमतेम ४० अक्षरं मावतात. चार स्पेसच्या कोडमध्ये पाच पातळ्या आत गेलं की त्यातली २० नुसती कोरी. टॅब असला की मी त्याची रुंदी एकवर आणते, तुमच्या स्क्रीनवर तसूभर हलत नाही. टीममध्ये चार वर्षं सांगतेय. उत्तर येतं, मोठा मॉनिटर घे. 'टॅबवर बंदी' वाचलं की तेच आठवतं.

कोपरखैरणे_रात्रपाळी
हे डोक्यातच आलं नव्हतं. बंदीचं मागे घेतो. पण पायथनचं काय? पेप ८, म्हणजे पायथनची शैलीसूचना, चार स्पेस सांगतं आणि ब्लॅक टॅब ठेवू देत नाही.

कोपरी_पूर्व
ब्लॅक नाही देत, रफ या पायथनच्याच दुसऱ्या साधनाच्या फॉरमॅटरमध्ये टॅबचा पर्याय आहे. प्रिटियरमध्ये यूझ-टॅब्ज आहे. सोय आहे हो, ती चालू करणारं कुणी हवं.

ऐरोली_फलाट_२
यूझ-टॅब्ज मी सोमवारी टीमपुढे मांडतो. आमच्यात कुणाला अशी अडचण आहे का, हे मी आजवर विचारलंच नव्हतं.

वागळे_इस्टेट_जुना
मांडा, पण फिरवू नका लगेच. उघड्या ब्रँच आधी मर्ज होऊ द्या. फॉरमॅटचा कमिट वेगळा, त्यात कोडचा एकही बदल नको. आणि ज्याची ब्रँच अर्ध्यात आहे, त्याला आधी फोन करा.