‘प्रभावी’ला दुसरा शब्द आहे का?

तापीकाठ: शेळीपालकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतो आहे. आनुवंशिकतेच्या भागात ‘भुंडेपणा (शिंगे नसणे) प्रभावी, शिंगे अप्रभावी’ असे लिहिले की वाचणारा ‘भुंडी शेळी सरस’ असे समजतो. प्रभावी म्हणजे कळपात जास्त, असाही अर्थ नाही. शब्द सुचवा.

साक्रीकर: शिंगांना ‘अप्रकट’ म्हणा.

चोपडेकर: शिंगांची दोन्ही जनुके असलेल्या शेळीची शिंगे वीतभर प्रकट असतात! भुंडेपणाचे एक जनुक सोबत आले तरच ती झाकली जातात. ‘झाकणारे’ आणि ‘झाकले जाणारे’ म्हणा.

शब्दवेल्हाळ: शाळेत प्रभावी-अप्रभावी शिकवतात. पत्रकात वेगळे शब्द घातले तर घरातली मुले गोंधळतील. बाकी ‘भुंडा’ हा ‘मुंड’वरून आलेला असावा.

साक्रीकर: ‘म’चा ‘भ’ झाल्याची आणखी उदाहरणे द्या, मग मानू. आणि काही जण भुंडीला बांडी म्हणतात.

शब्दवेल्हाळ: बांडी म्हणजे शेपूट तुटलेली. शिंगांशी संबंध नाही.

चोपडेकर: शब्द कोणताही घ्या, पण जोडीचा इशारा ठळक छापा. भुंडा बोकड भुंड्या शेळीला लावू नये. दोघांत भुंडेपणाचे एकेकच जनुक असेल तर सरासरी चारांत तीन करडे भुंडी. त्या तिघांतले एक दुहेरी, म्हणजे भुंडेपणाची दोन्ही जनुके असलेले, आणि ते मादी असेल तर द्विलिंगी होते. पाठ (तरुण मादी) म्हणून सांभाळावी, तर गाभणच राहत नाही. दुहेरी नरांतही काहींची वीर्याची वाट तुंबते. याचे कारण २००१ साली सापडले: गुणसूत्राचा सुमारे ११,७०० डीएनए-अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. म्हणून जोडीतले एक शिंगाळेच हवे.

तापीकाठ: बोकड एकेरी की दुहेरी, हे कसे ओळखायचे?

चोपडेकर: शिंगाळ्या शेळ्यांना लावा. एक जरी शिंगाळे करडू झाले तरी तो एकेरी. लागोपाठ पाच भुंडी झाली तर दुहेरी असण्याची शक्यता बरीच वाढते, कारण एकेरी बोकडाकडून असे ३२ वेळांत एकदाच घडते.

साक्रीकर: डाग देऊन शिंगे मारलेलीलाही लोक भुंडीच म्हणतात. मग हिशेब चुकणार. तिला वेगळा शब्द हवा.

शब्दवेल्हाळ: ‘शिंगमारी’?

चोपडेकर: ती मारकी वाटेल. ‘डागलेली’ लिहा, आणि नोंद जन्मताच करा. शिंगाळ्या करडाच्या डोक्यावर शिंगांच्या जागी केसांचे दोन भोवरे असतात.