झिम्मा २ : परीक्षण वाचून गेलात की न वाचता? (अनुभव धागा)

फोनची मेमरी भरली म्हणून फोटो उडवत बसले होते. २०२३ च्या नोव्हेंबरातला एक सापडला. आम्ही नऊ जणी थेटराबाहेर, रात्रीचे साडेनऊ आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल!
पहिला झिम्मा (बायकांच्या परदेश सहलीचा सिनेमा) २०२१ ला पाहिला तेव्हा कोरोनानंतर थेटरं नुकती उघडली होती, एक सोडून एक खुर्ची. दुसऱ्याच्या वेळी सकाळीच परीक्षणात वाचलं की गोष्ट फार पातळ आहे. सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "निर्मिती सावंत आहे ना? मग काढ तिकिटं." मध्यंतरात मीच कबूल केलं, लिहिणारा खोटं बोलला नव्हता. तुमचं सांगा.

कैरीपन्हं: पहिल्यातल्या सोनाली आणि मृण्मयी यात नाहीत हे आत बसल्यावर कळलं. अर्धा सिनेमा त्यांची वाट बघण्यात गेला 😀

गरीब नवरा: आख्ख्या रांगेत मी एकटा पुरुष. शेजारच्या काकूंनी चकली दिली. आत कशी आणली ते विचारायचं नसतं. या सगळ्यांना फिरवणाऱ्या सिद्धार्थ चांदेकरची फार दया आली, बाकी काही आठवत नाही.

मोगरा_७१: चकली भाजणीची होती का?

तिरकस: समीक्षकांना उगाच झोडपू नका. पहिल्यात प्रत्येकीला घरातून निघायलाच जोर लावावा लागला होता, विमानात बसेपर्यंत अर्धी गोष्ट झालेली. दुसऱ्यात इंदूच्या (सुहास जोशी) पंचाहत्तरीसाठी जमल्या, सगळ्या आधीच मोकळ्या झालेल्या. त्यांना परत काय मोकळं करणार? म्हणून निर्मला (निर्मिती सावंत) आणि तिची सून एवढंच लक्षात राहतं, ते भांडण नवं होतं. सून झालेली रिंकू राजगुरू मस्त. (दिग्दर्शक हेमंत ढोमेचा पंखा आहे, तरी लिहितोय.)

कैरीपन्हं: तिरकस, पटलं. पण निर्मलाला बघून माझ्या सासूबाई माझ्याकडे वळून हसल्या, ते कुठल्या परीक्षणात येणार?

मँचेस्टरची माई: आईने तिकडे बघितला आणि लगेच फोन. "तुझ्याजवळ सिनेमातलं एवढं सुंदर लेक डिस्ट्रिक्ट आहे आणि तू मला कायम किचनचा ओटा दाखवतेस?" दोन तासांवर आहे, चार वर्षांत एकदा गेलोय. पावसात.

शाळाबाई: परीक्षण बरं-वाईट काहीही असो, पुढच्याच शुक्रवारी अ‍ॅनिमल आला आणि आमच्याकडचा शो दुपारी साडेबारावर गेला. मला पाचला सुटी. मोबाईलवर बघितला शेवटी, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

रानजाई: पहिला आईबरोबर पाहिला. दुसरा आला तेव्हा ती नव्हती. तिच्या भिशीतल्या चौघींना घेऊन गेले. सुहास जोशी पडद्यावर आल्या आणि पाचही जणींनी एकदमच पर्सा उघडल्या. कसा होता विचाराल तर खरंच सांगता येणार नाही.

मोगरा_७१: रानजाई 🙏

कैरीपन्हं: 🫂

गरीब नवरा: मोगराताई, भाजणीचीच. जरा जास्त तळलेली, पण फुकटच्या चकलीचं परीक्षण लिहीत नाही मी.