राम नाईक २००४ ला हरले तरी कसे?

सहा-बाराची स्लो
घरात राम नाईकांचं नाव निघालं की आई अजून हळहळते, "त्या माणसाला पाडायला नको होतं." बोरिवलीतून तीनदा आमदार, १९८९ पासून सलग पाचदा उत्तर मुंबईचे खासदार, वर केंद्रात पेट्रोलियम मंत्री. आणि हरले गोविंदाकडून! मी तेव्हा तीन वर्षांचा. नुसती फिल्मी हवा होती का?

वसईकर आजोबा
हवा होतीच. पण माझंच सांगतो. तेव्हा आमची वसई उत्तर मुंबईतच होती. रामभाऊ मूळचे आटपाडीकडचे, सुरुवातीला एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, कारकून. १९६९ ला नोकरी सोडून जनसंघाचे पूर्णवेळ झाले. त्याआधीच, १९६४ ला, त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ काढला होता. विचाराने पक्के रा. स्व. संघाचे, पण आमच्याशी बोलणं लोकलचं. चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल १९९२ ला सुरू झाली, पुढच्या वर्षी विरारपर्यंत आली. बायकोला पहिल्यांदा बसायला जागा मिळाली तेव्हा घरी येऊन दोनदा सांगितलं तिने.

गॅसचा नंबर तर आम्ही विसरूनच गेलो होतो. रॉकेलची रांग, स्टोव्हची पिन, काजळलेली भिंत. ते मंत्री असताना सिलिंडर दारात आला. आईने आधी शेगडीला हळदकुंकू वाहिलं, मग चहा टाकला.

आणि मतदानाला मी कुठे? मालवणात. एप्रिलची सुट्टी, मुलांची तिकिटं आधीच काढलेली. म्हटलं, रामभाऊ काय, येतातच निवडून. पडले ४८ हजारांनी. माझ्यासारखे किती असतील, तुम्हीच मोजा.

पंपावरचा
आजोबा, पेट्रोलपंप वाटप विसरलात वाटतं. २००२ ला पंप आणि गॅस एजन्स्या भाजपच्या जवळच्यांना गेल्याची ओरड झाली, वाजपेयींना जानेवारी २००० पासूनची सगळी वाटपं रद्द करावी लागली. खातं कुणाचं होतं?

वसईकर आजोबा
त्यांचंच. नाही कसं म्हणू? सरसकट रद्द करणं सर्वोच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात मोडीत काढलं, संशयाची प्रकरणं तेवढी तपासायला समिती नेमली. पण गाडीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. करगिलच्या शहिदांच्या घरच्यांना पंप दिले, तेही त्याच काळात. ते मात्र कुणी काढत नाही. असो.

सहा-बाराची स्लो
मग २००९ ला तरी केलंत ना मतदान?

वसईकर आजोबा
केलं की. सकाळी सातला रांगेत. पण तोवर वसई पालघर मतदारसंघात गेली होती. मशीनवर त्यांचं नाव कुठलं असायला? तिकडे उत्तर मुंबईत सहा हजारांच्या आत पडले. पुढे २०१४ ला उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले, तेव्हा पेपरातला फोटो बायकोनेच दाखवला. म्हणाली, "बघा, तुमच्या मताशिवाय."