हार्डवेअर वॉलेटच्या बॉक्समध्ये २४ शब्द आधीच छापलेले आलेत, हे नॉर्मल आहे का?

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं दर महिन्याला थोडं थोडं बिटकॉइन घेतोय, सगळं एक्स्चेंजच्या ॲपवरच पडून आहे. २०२४ च्या जुलैत वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवरून साडेतेवीस कोटी डॉलरच्या आसपास माल गेला तेव्हा माझं तिथे काही नव्हतं, पण तेव्हापासून डोक्यात भुंगा. शेवटी परवा हार्डवेअर वॉलेट (बिटकॉइनची गुप्त चावी ठेवायची पेनड्राइव्हसारखी डबी) मागवलं, ऑनलाइन एका सेलरकडे हजार बाराशेने स्वस्त मिळालं, सील वगैरे एकदम नीट. आत एक स्क्रॅच कार्ड होतं, खरवडलं तर पिन आणि २४ शब्द. सोबत चिठ्ठी, की ग्राहकांच्या सोयीसाठी वॉलेट आधीच तयार करून दिलंय, रिस्टोअर (म्हणजे शब्दांवरून वॉलेट परत उभं करणं) निवडा आणि हे शब्द टाका. टाकले, चालू पण झालं. अजून कॉइन पाठवलेले नाहीत. आता हे कार्ड जपून ठेवू की फोटो काढून ड्राइव्हवर टाकू? आणि बायको विचारतेय की हा पेनड्राइव्ह हरवला तर सगळं गेलंच ना, मग ॲप काय वाईट होतं. उत्तर देता आलं नाही.

जुना_खिळा:
थांबा थांबा, त्यावर एक रुपयाचंही काही पाठवू नका!! हा फ्रॉड आहे, आणि जुना आहे.

कॉइन त्या डबीत नसतात हो, ते ब्लॉकचेनवरच, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक खातेवहीतच असतात. डबीत असते ती खासगी चावी (प्रायव्हेट की), जिने पैसे हलवता येतात, आणि ती चावी त्या २४ शब्दांतून निघते. शब्द ज्याच्याकडे, पैसे त्याचे, डबी कुणाच्याही खिशात असो. म्हणून ते शब्द डिव्हाइसने स्वतः, आतल्या आत, तुमच्यासमोर बनवायचे असतात (२०४८ इंग्रजी शब्दांची ठरलेली यादी आहे, त्यातून) आणि फक्त त्याच्या छोट्या स्क्रीनवर दाखवायचे असतात. कंपनीलाही ते माहीत नसतात. तुमच्या कार्डावरचे शब्द त्या सेलरकडे आहेतच, म्हणजे चेकबुक तुमच्या नावाचं आणि सह्या केलेले कोरे चेक त्याच्या खिशात. तो आज काहीच करणार नाही, तुम्ही मोठी रक्कम टाकली की रात्रीत साफ.

गंमत अशी की डिव्हाइस अस्सल असू शकतं, कंपनीच्या ॲपमधली जेन्युइन चेक पण पास होईल, खोटं आहे ते फक्त कार्ड. तरी मी परतच करीन, आत काय उचकटलंय कुणास ठाऊक. सीलचं काय घेऊन बसलात, स्टिकर कुणीही छापतं. कंपनीच्या साइटवरून किंवा तिने नाव दिलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या, हजार रुपये वाचवायची ही जागा नाही.

अबोली७:
खिळेकाकांना +१. फोटो अजिबात नको दादा. फोन आपोआप सिंक करतो ते एक, आणि २०२५ मध्ये कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने स्पार्ककॅट नावाचा मालवेअर पकडला तो गॅलरीतले फोटो वाचून हेच शब्द शोधायचा, ॲप स्टोअरवरच्या ॲपमधून आला होता. कागद आणि पेन, बस. टायपिंग फक्त डिव्हाइसवर, लॅपटॉपवर कुठेच नाही.

आमचं घर रत्नागिरीला, पावसाळ्यात कपाटातल्या कागदाला बुरशी नाहीतर कसर, म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानातून अक्षरांचे पंच आणले आणि स्टीलच्या पट्टीवर हातोडीने ठोकले. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, यादीच तशी बनवलीय. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडून कोरून घेऊ नका, हसू नका, मला एकाने खरंच विचारलं होतं.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर करून दाखवा. नवं डिव्हाइस आलं की शब्द लिहा, पैसे टाकायच्या आधी मुद्दाम चुकीचा पिन मारून डिव्हाइस पुसा (लेजर कंपनीचं असेल तर तीनदा, ट्रेझरचं असेल तर त्याहून बऱ्याच जास्त वेळा, धीर धरा), मग कागदावरून रिस्टोअर करा. कॉइन घ्यायचा तोच पत्ता (वॉलेटचा खाते क्रमांकच म्हणा) परत दिसला की समजायचं कागद बरोबर आहे आणि डबी हरवली तरी चालतं. नंतर आधी छोटी रक्कम. पत्ता डिव्हाइसच्या स्क्रीनवर बघून पूर्ण जुळवा, नुसती पुढची मागची चार अक्षरं नाही, कारण कॉपी पेस्टमध्ये पत्ता बदलणारे व्हायरस असतात.

टपरीवरचा:
पासफ्रेज पण लावा ना, म्हणजे २४ शब्दांवर आपण स्वतः ठरवलेला पंचविसावा शब्द. २०२० मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या लोकांनी ट्रेझर हातात आल्यावर पंधरा मिनिटांत शब्द बाहेर काढून दाखवले होते, पासफ्रेज असली तर तेही कामाचे नाहीत.

आणि घेतलंय म्हणून कुठे बोलू नका. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची नावं, फोन, घरचे पत्ते लीक झाले, मग लोकांना पोस्टाने खोटी डिव्हाइसं आली, "जुनं असुरक्षित आहे, हे वापरा" म्हणून. शब्द विचारणारा प्रत्येक मेल, प्रत्येक फोन चोराचा.

जुना_खिळा:
पासफ्रेज नवख्याला नको रे. एक अक्षर चुकलं तर एरर येत नाही, सरळ दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं आणि माणूस घाम पुसत बसतो. सहा महिने वापरू देत, मग बघू.

रात्रपाळी:
सगळ्यांचे आभार. जुनं परत केलं (सेलर म्हणे कार्ड तर "प्रीमियम सर्व्हिस" होती!), कंपनीच्या साइटवरून नवं मागवलं, यावेळी सगळी कार्डं कोरी. काल रात्री टेस्ट केली, तीनदा चुकीचा पिन, रिस्टोअर, आणि डिव्हाइस म्हणतंय शब्द चुकीचे. पोटात गोळा. तासभर गेला, शेवटी बायकोनेच पकडलं, सतरावा शब्द मी "कार" वाचत होतो, लिहिलेला "कॅन" होता, माझं अक्षर म्हणजे डॉक्टरचं. मग जुळलं. पट्टी आता तिच्या माहेरच्या लॉकरमध्ये जाईल.

जुना_खिळा:
अभिनंदन, पण शब्द इथे कशाला लिहिलात, तोही नंबरासकट?! चोविसातल्या एकाने कुणी काही काढणार नाही, पण अजून पैसे टाकले नाहीत ना, मग परत पुसा, नवीन २४ घ्या. आणि यावेळी वहिनींना लिहू द्या.