व्हेपची १.२ ओहमची कॉइल जळकी लागतेय, किती वॅट ठेवू?

लेस्टरचा_सातारकर

नमस्कार मंडळी. वय ४३, सिगारेट वीस वर्षं, दिवसाला पंधरा तरी. मागच्या वर्षी डिस्पोजेबल व्हेप (वापरून फेकायची ई-सिगारेट) घेतला आणि सात महिने सिगारेटला हात लावला नाही. १ जून २०२५ पासून इथे ब्रिटनमध्ये त्यांची विक्री बंद झाली आणि दोन आठवड्यांत मी परत पाकिटावर. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मी कामावरून आलो की ती आधी माझ्या जॅकेटची बाही हुंगते आणि काही न बोलता आत जाते. हे मला आता बघवत नाही.

म्हणून शनिवारी पुन्हा लिक्विड भरून वापरायचं व्हेपचं मशीन आणलं, एका बॅटरीचं, स्क्रीनवालं. सोबत दोन कॉइल (लिक्विड तापवणारी तार, तिच्याभोवती कापूस), रोध ०.३ आणि १.२ ओहम. दुकानातल्या मुलाने ०.३ बसवली, ४० वॅट लावले आणि मिलीलिटरला २० मिलिग्रॅम ताकदीचं निकोटिन सॉल्टचं लिक्विड भरून दिलं. पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. चौथ्याला गरगरायला लागलं, फुटपाथवरच बसलो. घरी येऊन १.२ची कॉइल लावली, टँक भरला, लगेच ओढला. जळक्या कापसाची चव! अजून जिभेवर आहे. आकडा ४०वरच होता हे नंतर दिसलं. आता नक्की कोणती कॉइल, किती वॅट? आणि दिवाळीला साताऱ्याला जायचंय, तेव्हा काय करू?

कॉव्हेंट्रीकर

दादा, ती १.२ची कॉइल टाकून द्या. कापूस एकदा जळला की ती चव जात नाही, कितीही लिक्विड ओता. तुमच्यासाठी प्रकार मात्र १.२चाच बरोबर आहे, नवीन घ्या.

काय झालं ते सांगतो. फोडणीची पळी मोठ्या बर्नरवर ठेवली तर मोहरी तडतडायच्या आत काळी होते. मोठ्या कढईला तीच आच लागतेच. १.२ची कॉइल म्हणजे पळी. तार बारीक, कापूस थोडा, १० ते १४ वॅटवर ती छान चालते. ०.३ म्हणजे कढई. जाळी मोठी, तिला ४० वॅट लागतात आणि वाफही तशीच भसाभस येते. गंमत बघा, १.२ला १२ वॅट द्यायला साधारण ३.८ व्होल्ट लागतात आणि ०.३ला ४० वॅट द्यायला साडेतीनच्या आसपास. व्होल्ट जवळजवळ सारखेच, पण करंट पहिल्यात तीन अँपिअर आणि दुसऱ्यात साडेअकरा. म्हणून ओहम बघितल्याशिवाय वॅटच्या आकड्याला काही अर्थ नाही. किती वॅट चालतात ते कॉइलच्या अंगावरच बारीक अक्षरांत छापलेलं असतं, चष्मा लावून वाचा.

सिगारेट आपण कशी ओढतो? धूर आधी तोंडात, मग छातीत. १.२ त्याच सवयीसाठी आहे. ०.३ थेट छातीत ओढायची, हुक्क्यासारखी. वीस वर्षांची सवय असलेल्या माणसाच्या हातात ती देणं मला अजिबात पटलं नाही.

नवीन कॉइल घेतली की घाई करू नका. तिच्या अंगाला छोटी भोकं असतात, आत पांढरा कोरडा कापूस दिसतो. प्रत्येक भोकावर लिक्विडचे दोन थेंब टाका आणि बघत राहा. कापूस आधी कडेने ओला होतो, मग त्याचा कोरा पांढरेपणा जातो. मग टँक भरा आणि मशीन उभं ठेवून द्या. मी चहा टाकतो, पितो, कप विसळतो, तेवढा वेळ. समईची वात तेलात भिजायच्या आत पेटवली तर वातच जळते, इथेही तेच. नंतर १० वॅटवर सुरू करा, पाच-सहा झुरक्यांनी एक वॅट वाढवा. वाफ कोमट, चव फिकी आणि आत गुरगुर होऊन तोंडात थेंब येत असेल तर वॅट कमी पडताहेत. घसा कोरडा खरवडला की लगेच एक पाऊल मागे. जळकी चव आल्यावर ओढत राहायचं नाही, तेव्हा वाफेत नको ती रसायनं तयार होतात. मी स्वतः १२.५वर आहे, चार वर्षं सिगारेट नाही.

औषधवाली_ताई

मी इथे फार्मसीत काम करते. लिक्विडमधल्या निकोटिनची ताकद बघायचीच. मिलीलिटरला २० मिलिग्रॅम ही इथली कायद्याने कमाल मर्यादा आहे आणि सॉल्ट घशाला मऊ लागतं, त्यामुळे किती आत गेलं ते कळत नाही. ४० वॅटवर प्रत्येक झुरक्याला कितीतरी जास्त लिक्विड उडतं. गरगरणं, मळमळणं हे निकोटिन जास्त झाल्याचं लक्षण. ०.३ला ३ मिलिग्रॅमचं साधं, ग्लिसरीन जास्त असलेलं दाट लिक्विड लागतं. १.२ला ग्लिसरीन आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल निम्मं-निम्मं असलेलं पातळ, कारण दाट लिक्विड त्या बारीक भोकांतून वेळेवर झिरपत नाही.

आणि एक मनापासून. ताकद कमी करायची घाई नको. आधी सिगारेट पूर्ण सुटू दे. व्हेप निर्धोक नाही, ज्याने कधी ओढलं नाही त्याने हात लावू नये, पण तुमच्यासाठी पंधरा सिगारेटींपेक्षा तो खूप बरा. बाटली मुलीच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

साताऱ्याला मशीन नेऊ नका. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात आणि विक्री बंद आहे. निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) आणि निकोटिनचा च्युइंगम घेऊन जा, आणि दोन-तीन आठवडे आधीपासून तो चघळायची सवय करा. साध्या च्युइंगमसारखा सतत चावायचा नाही, थोडा चावून गालात दाबून ठेवायचा.

मिल्टन_कीन्स

बॅटरी सुटी निघणारी असेल तर तिचं प्लास्टिकचं वेष्टण तपासा. जरा फाटलेलं दिसलं तरी वापरू नका. आणि खिशात किल्ल्यांबरोबर कधीच नाही.

लेस्टरचा_सातारकर

ताई, दादा, खूप आभार. नवीन १.२ घेतली, पातळ लिक्विड, ताकद तीच २०. थेंब टाकून चहा पिऊन मग सुरू केलं. १० वर फिकं, १३ वर घसा खरवडला, ११.५ वर थांबलो. ठसका नाही, गरगर नाही. आज सहावा दिवस, पाकीट विकत घेतलेलं नाही. जॅकेट धुवायला टाकलंय.