मदत हवी: स्वतःच्या कमांडला टॅब-कम्प्लीशन द्यायचं आहे, लायब्ररी कोणती घ्यावी? (फाइलींची नावं मराठीत)

नमस्कार मंडळी. इंदुरातल्या एका मराठी वाचनालयाच्या जुन्या अंकांचे स्कॅन सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. त्यासाठी पायथनमध्ये 'दप्तर' नावाची कमांड लिहिली: शोध, नोंद, हलव अशा उपकमांडा. ती नीट चालते. आता टॅब दाबल्यावर उपकमांड आणि अंकाचं नाव आपोआप पुरं व्हायला हवं.

अडचण अशी की वापरणारे तिघे तीन तऱ्हांचे. मी उबुंटूवर बॅश हा शेल (टाइप केलेल्या कमांडा चालवणारा प्रोग्राम) वापरतो. दुसऱ्याकडे मॅक, तिथे २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून झेडशेल. कार्यालयातले काका विंडोजवर, म्हणजे पॉवरशेल. बॅशचं हाताने लिहून झालं आहे, पण तेच तीनदा लिहायचा आणि पुढे तीन ठिकाणी दुरुस्त करत बसायचा उत्साह नाही.

पायथनची आर्गकम्प्लीट लायब्ररी आवडली, कारण कमांडपुढचे शब्द वाचायला मी वापरलेल्या आर्गपार्सवरच ती बसते. पण प्रत्येक टॅबला अख्खा प्रोग्राम चालतो, आणि माझा प्रोग्राम सुरुवातीलाच पीडीएफ आणि चित्रांच्या जड लायब्र्या उचलतो. टॅब दाबावा आणि चहाला जाऊन यावं! पायथनचंच क्लिक नीटनेटकं आहे, पण स्वतःहून पॉवरशेल देत नाही. त्यावरच उभं असलेलं टायपर देतं. कोब्रा बॅश, झेडशेल, फिश, पॉवरशेल चारही सांभाळतं, पण ते गो भाषेतलं. काकांच्या एका टॅबसाठी सगळं गोमध्ये पुन्हा लिहायचं का?

दुसरं म्हणजे, बॅशमध्ये सुचवलेल्या नावांचे रकाने वाकडे येतात. कोणी देवनागरी नावांवर हे केलंय का? इंदूरकर असाल तर प्रत्यक्ष भेटू, सराफ्यात भुट्ट्याचा कीस माझ्याकडून.

प्रतिसाद १:
एवढ्यासाठी गो नको. कोब्रासुद्धा सुचवण्या काढायला तुमचाच प्रोग्राम पुन्हा चालवतं, फक्त गोचा प्रोग्राम चटकन सुरू होतो. जड लायब्र्यांचे इम्पोर्ट त्या त्या फंक्शनच्या आत न्या, आणि आर्गपार्सचा पार्सर तयार झाल्या झाल्या आर्गकम्प्लीटला हाक मारा. अंकांची नावं दर वेळी फोल्डर धुंडाळून काढू नका, एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये यादी ठेवा. हे न करता टायपरवर गेलात तर टॅब तितकाच रेंगाळेल.

प्रतिसाद २:
रकान्यांचं दुखणं लायब्ररीने जाणार नाही. उकार, एकाराची मात्रा, हलन्त यांची रुंदी शून्य धरतात, यावर सहसा वाद नसतो. काना आणि वेलांटी मात्र युनिकोडमध्ये जागा घेणारी चिन्हं आहेत. त्यांना एक घर द्यायचं की शून्य, यावर शेल आणि टर्मिनल यांचं जुळत नाही. जोडाक्षरात आणखी घोळ. मी असतो तर टॅबवर नोंद-क्रमांक सुचवला असता आणि अंकाचं नाव वर्णन म्हणून दाखवलं असतं. झेडशेल आणि फिशमध्ये वर्णन शेजारी दिसतं, पॉवरशेलमध्ये टूलटिप म्हणून देता येतं. बॅशमध्ये मात्र तशी सोय नाही.

मूळ धागाकर्ता:
इम्पोर्ट आत नेले, टॅब लगेच उत्तर देतो आहे. आभार! आर्गकम्प्लीटच ठेवतो. क्रमांकाची युक्ती पटली, पण काकांना अंक नावानेच आठवतात. टॅबच्या सुचवण्या ठरवणाऱ्या पॉवरशेलच्या रजिस्टर-आर्ग्युमेंटकम्प्लीटर कमांडमध्ये नाव टाइप केल्यावर क्रमांक भरला जाईल असं कोणी केलं असेल तर तो तुकडा इथे टाकाल का? नावांत मोकळ्या जागा आहेत, तेवढं लक्षात असू द्या.