वेंगर गेला तेव्हा तुम्हाला काय वाटलं? आर्सेनलवाल्यांनो, खरं खरं सांगा

निर्गुडाकाठ (वणी तालुका, यवतमाळ)

सरळच विचारतो. २० एप्रिल २०१८ ला बातमी आली की लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचा मॅनेजर आर्सेन वेंगर हा सीझन संपला की क्लब सोडणार. तुम्हाला काय वाटलं त्या दिवशी? मला आधी हायसं वाटलं, आणि रात्री ताटावर बसलो तर घास उतरेना. घरच्यांना वाटलं कापसाचा चुकारा अडकला म्हणून हा असा बसला.

आज हे काढायचं कारण आमच्या गावचे पोट्टे. मोबाईलवर मॅच पाहतात, आर्सेनलच्या साका आणि ओडेगार्डच्या एकेका पासवर वाद घालतात, पाहून बरं वाटते. पण वेंगरचं नाव निघालं की म्हणतात, "तो तर लीगमध्ये दरवर्षी चौथा यायचा ना?" हे मला लागते. उत्तर द्यायला जातो आणि अर्ध्यातच थांबतो, कारण २०१७ मध्ये "आता पुरे" असं मीही म्हणत होतो.

माझं लिहितो, मग तुम्ही बोला.

२००३-०४ ला मी वणीला खोली करून शिकत होतो. घरमालकाकडे केबल होती, शनिवारी ते मॅच पाहू द्यायचे. त्या सीझनमध्ये आर्सेनल लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या, ३८ मॅच खेळलं, २६ जिंकल्या, १२ बरोबरीत सुटल्या, हरलं एकही नाही. आकडे आता सगळेच सांगतात. मला डोळ्यासमोर दिसते ते वेगळं. आमच्या शाळेत फुटबॉल म्हणजे बॉल उंच मारायचा आणि सगळ्यांनी मागे धावायचं. इथे व्हिएरा बॉल हिसकायचा, मान वर करायच्या आधीच त्याला माहीत असायचं पिरेस कुठे आहे ते, आणि तीन-चार पासांत हेन्री गोलकीपरसमोर एकटा. हाच हेन्री युव्हेंटसमध्ये कडेला खेळत होता आणि तिथे त्याचं जमत नव्हतं. वेंगरने १९९९ मध्ये त्याला आणलं, मधे स्ट्रायकर केलं, आणि त्याने क्लबसाठी २२८ गोल केले.

मग १७ मे २००६. पॅरिस, चॅम्पियन्स लीगची (युरोपातल्या मोठ्या क्लबांची स्पर्धा) फायनल, समोर बार्सेलोना. आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. अठराव्या मिनिटाला गोलकीपर लेहमनला लाल कार्ड मिळालं, दहा जण उरले, आणि तरी सोल कॅम्पबेलने हेडरने गोल केला. तेवढ्यात लाईन गेली. भारनियमनाचे दिवस होते, गेलेली लाईन कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं. अंगणात खाटेवर पडल्या पडल्या मी मनात कप उचलून झाला होता. सकाळी कळलं की शेवटच्या पंधरा मिनिटांत एटो आणि बेलेट्टीने दोन गोल मारून मॅच २-१ ने नेली.

त्याच वर्षी क्लब हायबरी सोडून एमिरेट्सला गेला. ३८ हजारांचं मैदान सोडून ६० हजारांचं, आणि डोक्यावर कर्ज. बँकांना वेंगर पाच वर्षं राहील याची हमी हवी होती, हे त्याने स्वतः नंतर सांगितलं. पोट्ट्यांना मी हे असं समजावतो: विहिरीचं कर्ज फेडायचं असते तेव्हा घरची सगळ्यात चांगली बैलजोडी बाजारात न्यावी लागते. २०११ ला फॅब्रेगास आणि नासरी गेले. २०१२ ला व्हॅन पर्सी गेला, तोही मँचेस्टर युनायटेडकडे, आणि पुढच्याच सीझनला त्यांना लीग जिंकून दिली. अशा दिवसांत पहिल्या चारात येणं म्हणजे चॅम्पियन्स लीगचा पैसा. वेंगरने १९९६-९७ पासून सलग २० सीझन पहिल्या चारात काढले. चौथा नंबर, चौथा नंबर म्हणतात, तो कशाच्या बदल्यात आला ते कोणी पाहत नाही.

इथपर्यंत मी वेंगरचा वकील. आता दुसरी बाजू.

फेब्रुवारी २०१७, चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्न म्युनिकशी मॅच. गव्हाचं ओलीत सुरू होतं आणि त्या आठवड्यात लाईन रात्रीची होती. मोबाईल मोटरच्या पेटीवर ठेवून मॅच पाहत होतो. हाफटाइमला १-१. नंतर पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायला दांड फोडायला गेलो, परत येऊन पाहतो तर ४-१. कोशिएल्नी दुखापतीने बाहेर गेला आणि दहा मिनिटांत तीन गोल पडले. शेवटी ५-१. मार्चमध्ये आपल्या मैदानावर पुन्हा ५-१. दोन्ही मिळून १०-२. पायात गार पाणी, हातात फावडं, आणि मनात एकच, या माणसाला आता हे कळत कसं नाही?

त्याच मार्चमध्ये वेस्ट ब्रॉमविचच्या मॅचला मैदानावरून दोन विमानं फिरली. एकाच्या मागे वेंगरला नवा करार देऊ नका असं लिहिलेलं फडकं, दुसऱ्याच्या मागे त्याच्यावर विश्वास आहे असं. माझ्या मनात तेव्हा दोन्ही विमानं होती. तुमच्या मनात कोणतं होतं? आणि आता कोणतं आहे?

कामठीचा लेफ्ट-बॅक

भाऊ, चांगलं लिहिलं, पण मी तुझ्या बाजूचा नाही. आमच्या कामठीत फुटबॉल आजोबांच्या काळापासून आहे. इथं कोचले मान भेटते, पण मैदानावर संघ उघडा पडला त लोकं तोंडावर विचारते.

कर्जाचं मले मान्य आहे. २०१३ पर्यंतचं सारं माफ. पण त्याच सीझनपासून पैसा आला ना? ओझिल आला, पुढच्या वर्षी सांचेझ आला. मंग डिफेन्स काऊन तसाच रायला? व्हिएरा २००५ ले गेला. त्याच्या जागेवर तसा मानूस या बाबानं पुढच्या तेरा वर्षांत आनला नाही. मी स्वतः मागं खेळलेला मानूस आहे, मले हे दिसते. मधातून कोनी अडवनारा नसन त बिचारा सेंटर-बॅक काय करन?

२०१३-१४ चा सीझन आठव. मँचेस्टर सिटीकडे ६-३, लिव्हरपूलकडे ५-१, आन् चेल्सीकडे ६-०. ते ६-० त त्याची १०००वी मॅच होती. तीन मोठ्या संघांच्या मैदानावर एकाच चुकीनं मार खाल्ला. वर गेलेले फुलबॅक, म्हंजे कडेचे डिफेंडर, परतच येत नव्हते.

आन् २०१५-१६. ही वर्षं माह्या डोक्यातून जात नाही. त्या उन्हाळ्यात गोलकीपर पीटर चेक घेतला, बाकी मैदानात खेळनारा एकही मोठा खेळाडू घेतला नाही. युनायटेड, चेल्सी, सिटी, लिव्हरपूल सारे ढिले. लेस्टर पूर्ण लीगमधी तीनच मॅच हरली, त्यातल्या दोन आपल्याकडून! तरी लीग त्यांनी ८१ गुनांनी नेली, आपन ७१ वर दुसरे. एक चांगला मिडफिल्डर घेतला असता त... जाऊ दे. तो मानूस मोठा होता म्हनूनच राग येते. लहान मानसावर कोन एवढा राग धरते?

बांधावरचा मास्तर (केळापूर तालुका)

मी आश्रमशाळेत खेळ शिकवतो. कामठीच्या भाऊंचं मिडफिल्डचं म्हणणं बरोबर आहे, त्यात मला काही खोडायचं नाही. मी दुसरं सांगतो.

फेब्रुवारी १९९९, एफए कप (इंग्लंडमधल्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा), हायबरीवर शेफिल्ड युनायटेडशी मॅच. १-१ असताना शेफिल्डचा एक खेळाडू पडला म्हणून त्यांच्या गोलकीपरने बॉल बाहेर मारला. रीतीप्रमाणे आर्सेनलने थ्रो करून बॉल परत द्यायचा. पार्लरने तसा थ्रो केलाही, पण कानू नवीन होता, त्याने बॉल पळवला, ओव्हरमार्सला दिला आणि गोल झाला. नियमाने तो गोल पक्का होता. मॅच २-१ ने संपली आणि वेंगरने लगेच सांगितलं, ही मॅच पुन्हा खेळू. दहा दिवसांनी पुन्हा खेळले, आणि पुन्हा २-१ ने जिंकले.

मी ही गोष्ट मुलांना दरवर्षी सांगतो. आमचं मैदान म्हणजे काळी जमीन. पावसात चिखल पायाला धरतो, उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की घोटा अडकतो. भेगेत पाय जाऊन समोरचा पडला की आमची मुलं आता बॉल बाहेर मारतात. पंच म्हणून मी शिट्टी वाजवायच्या आधी. तालुक्याच्या स्पर्धेत दुसऱ्या शाळेने एकदा त्याचा फायदा घेऊन गोल केला, आमची पोरं चिडली, रडली, पण पुढच्या मॅचला पुन्हा बॉल बाहेर मारला.

आणखी एक. १९९६ मध्ये जपानच्या नागोयाहून तो लंडनला आला तेव्हा तिथले खेळाडू काय खात-पीत होते, हे वाचलं की नवल वाटतं. त्याने चॉकलेट बंद केलं, उकडलेल्या भाज्या, मासे सुरू केले, मॅचच्या आधी-नंतर अंग ताणायला लावलं. बाहेर लोक हसले, पण १९९८ ला लीग आणि एफए कप दोन्ही आले. आज इंग्लंडमधला प्रत्येक क्लब तेच करतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये फिफाच्या कामासाठी तो भुवनेश्वरला आला होता, तिथल्या फुटबॉल अकादमीच्या उद्घाटनाला. वर्ध्याहून रेल्वेने जाता येईल, तेवढ्या अंतरावर. जायला हवं होतं असं अजून वाटतं.

बल्लारपूरची साका-फॅन

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा लहान आहे. आर्सेनल पाहायला लागले ते २०२० मध्ये. त्यामुळे माझ्या वाट्याला वेंगर नाही, वेंगर गेल्यानंतरची पडझड आली. २०२० ला आठवा नंबर, २०२१ ला पुन्हा आठवा. चौथा नंबर आम्हाला स्वप्नात दिसत नव्हता! २०१७ नंतर चॅम्पियन्स लीगमध्ये परत यायला २०२३ उजाडलं. म्हणून गावच्या मुलांना सांगा, सलग वीस वर्षं पहिल्या चारात राहणं काय असतं ते आम्हाला विचारा.

पण एक तक्रार माझीही आहे. तो गेला तेव्हा घर नीट लावून गेला नाही. सांचेझचा करार संपत आला म्हणून जानेवारी २०१८ मध्ये त्याला युनायटेडला देऊन मखितार्यान घ्यावा लागला. रॅम्झी २०१९ ला फुकटात युव्हेंटसला गेला. हे करार वेळेवर करणं एकट्या मॅनेजरचं काम नाही, मान्य. पण त्या क्लबमध्ये वीस वर्षं प्रत्येक गोष्ट त्यालाच विचारून होत होती. त्यामुळे त्याच्या जागी मॅनेजर म्हणून उनाई एमरी आला तेव्हा सगळं एकदम नव्याने उभारायची वेळ आली, आणि ते त्याच्याने झालं नाही.

एमरीनंतर मॅनेजर झालेला आर्टेटा वेंगरच्याच संघाचा कॅप्टन होता, हेही त्या मुलांना सांगा. २०२३, २०२४, २०२५ असे सलग तीन सीझन दुसरा नंबर आला, त्या बांधणीत वेंगरकडून शिकलेलं बरंच आहे असं मला वाटतं. फरक एवढाच की आर्टेटाने पाया डिफेन्सपासून घातला.

लाल सैतान, राळेगाव

मी युनायटेडवाला, तरी लिहितो. आमचा मॅनेजर फर्ग्युसन २०१३ ला लीग जिंकून, स्वतः ठरवून गेला. गेल्यावर आमचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच. तेव्हा वेळेवर गेला की मागचं सगळं नीट राहते असं काही नाही. २९ एप्रिल २०१८ ला वेंगर शेवटचा ओल्ड ट्रॅफर्डला, आमच्या मैदानावर, आला, तेव्हा फर्ग्युसन आणि तेव्हाचा आमचा मॅनेजर मोरिन्यो दोघांनी मैदानावर त्याला भेटवस्तू दिली आणि आमची सगळी पब्लिक उभी राहिली. तुमची ४९ मॅचची न हरण्याची मालिका २००४ मध्ये याच मैदानावर आम्ही तोडली होती, वेंगर आणि फर्ग्युसनचं वैर किती होतं ते आठवा. आम्हाला टाळ्या वाजवाव्या वाटल्या, आणि तुमच्याच लोकांच्या खुर्च्या एमिरेट्सवर त्या सीझनला रिकाम्या होत्या. हे मला बरोबर वाटलं नाही.

निर्गुडाकाठ

सगळं दोनदा वाचलं. राळेगावकर, खुर्च्यांचं तुम्ही बोलले ते खरं आहे. बर्नलीला ५-० हरवलं त्या ६ मेच्या निरोपाच्या मॅचला मात्र मैदान भरलेलं होतं, त्याला २००४ ची सोन्याची ट्रॉफी दिली. पण हेच लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठे होते?

कामठीच्या भाऊ, लेस्टरच्या वर्षावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी २०१६ ला काढायला हवा होता हे मी म्हणणार नाही. माझ्या मते त्याने थांबायचा दिवस होता २७ मे २०१७. वेम्बली, एफए कपची फायनल, समोर लीग जिंकलेला चेल्सी. मेर्टेसाकर त्या सीझनमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला आणि डिएगो कोस्टाला एक गोल सोडला तर काही करू दिलं नाही. कोस्टाने बरोबरी केली आणि लगेच रॅम्झीचा हेडर, २-१. वेंगरचा सातवा एफए कप, एवढे कोणत्याच मॅनेजरचे नाहीत. तिथे हात वर करून गेला असता तर ती दोन्ही विमानं खाली उतरली असती. चार दिवसांनी त्याचा दोन वर्षांचा नवा करार जाहीर झाला. बोर्डाने दिला आणि याने घेतला, मी दोघांनाही दोष देतो. बोर्डाला जास्त, कारण त्यांच्याकडे पुढचा माणूस कोण याचा विचारच नव्हता. बल्लारपूरच्या ताईने लिहिलेली पडझड तिथून सुरू झाली.

पोट्ट्यांना आता मी २००३-०४ आधी सांगणार नाही. मास्तरांची शेफिल्डची गोष्ट आधी सांगतो, ती त्यांना पटेल. मग कर्ज, मग वीस वर्षं, आणि १०-२ पण सांगतो, लपवत नाही.

कामठीचा लेफ्ट-बॅक

२०१७ वर आपलं जमलं. तो कप झाला तवा मी पन म्हटलं होतं, आता हा मानूस हसत घरी जाईन. पन मधातल्या जागेचं मी सोडनार नाही. व्हिएरा गेल्यावर त्या जागेवर तू कोनाले घेतलं असतं ते सांग, आपलाच मिडफिल्डर फ्लामिनी चालनार नाही.